दोन्ही गोळ्या

“गोळ्या बंद केल्या तर हृदयातल्या स्प्रिंगमध्ये गुठळी होऊ शकते. चालू ठेवल्या तर पोटातलं रक्त थांबायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “आधी रक्त थांबवू. इथं सही करा.”

कस्तुराबाईंनी सही केली. पिंपरीच्या दवाखान्यातल्या त्या व्हरांड्यात टेकायला भिंत होती, म्हणून त्या उभ्या होत्या. तासाभरापूर्वी चाकणजवळच्या त्यांच्या घरी, न्हाणीच्या दारात, दौलतरावांना रक्ताची उलटी झाली होती.

चार महिन्यांपूर्वी दौलतरावांच्या हृदयाची नळी तुंबली. ती उघडी राहावी म्हणून आत स्प्रिंग बसवली. तेव्हा याच डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या असतात. कुठं कापलं की त्या धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. पण नळीच्या आत साठलेला चरबीचा थर फुटला, तर त्यांना तीही जखमच वाटते. बिचाऱ्या बुजवायला जातात आणि रक्ताची वाटच बुजवून बसतात. स्प्रिंगलाही त्या अशाच चिकटतात. म्हणून दोन गोळ्या रोज, वर्षभर. एकही दिवस चुकवायचा नाही.

दौलतराव कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर. महिन्याभरातच पत्र्याची धार तळव्याला लागली आणि अर्धा तास रक्त थांबेना. सुपरवायझरनं सगळ्यांदेखत त्यांना मशीनवरून उठवलं आणि झाडू हातात दिला. एकवीस वर्षांची नोकरी! घरी आल्या आल्या त्यांनी गोळ्यांची पाकिटं चुलीत घातली.

“रक्ताचं पाणी झालंय माझ्या. पुन्यांदा गोळीचं नाव काढायचं न्हाई!”

कस्तुराबाई पाया पडल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत. माणूस हलला नाही. मग त्यांनी स्वतः चाकणच्या मेडिकलातून गोळ्या आणल्या. रोज सकाळी दोन्ही गोळ्या खलात कुटायच्या आणि गुळाच्या चहात आलं जास्त घालून ढवळायच्या. कप रिकामा होईपर्यंत त्या समोर बसून राहायच्या. नवऱ्याला फसवतोय, हे मनाला लागायचं. पण माणूस जिवंत होता.

“गोळ्या वेळच्या वेळी घेत होते ना?” डॉक्टरांनी विचारलं.

आता लपवून काय मिळणार होतं? कस्तुराबाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“एकेकच देत होता?”

“एकेकच. तुमी सांगितल्या तशा.”

“तेवढ्यानंही पोटातून रक्त जाऊ शकतं. पण इतकं? आणखी काही घ्यायचे का? अंगदुखीची वगैरे?”

“न्हाई वो. गोळी बघितली तरी चिडायचे.”

डॉक्टर त्यांना आत घेऊन गेले. दौलतरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. एका हातात रक्ताची पिशवी लावली होती, दुसरा त्यांनी बायकोपुढं केला. कस्तुराबाईंनी तो धरला. गार होता.

“कस्तुरा, तुला एक सांगायचं ऱ्हायलं,” ते हळूच म्हणाले. “तू उपाशी ऱ्हायलीस ना, त्याच आठवड्यात आमच्या लायनीवरला भैरू जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी गेला. त्यानंबी गोळ्या सोडल्या व्हत्या. लई भ्यालो मी. तुझ्यापुढं कबूल करायची लाज वाटली.”

“काय कबूल करायचं?” कस्तुराबाईंनी विचारलं.

दौलतराव हसले. बायकोला बरं वाटावं, म्हणून हसले.

“तवापास्नं कंपनीत लॉकरमधी गोळ्या ठिवतो. कामावर गेलो की आधी दोन्ही घेतो. एक दिस चुकवला न्हाई बघ.”