लुगड्याची गाठ

ऊसतोडीला निघालेला टेम्पो भांडी, पत्रे आणि माणसांनी भरला होता. चालवणारा माझा पुतण्या बजरंग माझ्या कुत्र्याकडं बघून म्हणाला, “काकू, ही दोरी गळ्याला बांध, न्हाईतर इथंच सोड.” गेल्या साली घाटात एका कुत्र्यानं टेम्पोतून उडी मारली आणि गळ्यातल्या दोरीलाच लटकून ते मेलं. मी दोरी फेकली. जुनं लुगडं कुत्र्याच्या छातीभोवती गुंडाळलं आणि दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं. आम्ही रांगती लेकरं अशीच नेतो. सगळे हसले. “कुत्रं हाय का लेकरू?” बजरंग म्हणाला. “उशीर हुतोय. सोड ते.” “न्हाई सोडत,” मी म्हणाले. “तू रांगत हुतास तवा याच लुगड्यानं तुला बांधलं हुतं. ते कुत्रं मेलं त्याच घाटात तू गाडीच्या मागच्या फाळक्यावरनं खाली गेलास. लुगडं सुटलं न्हाई.” बजरंगनं गाठ ओढून पाहिली आणि वर दुसरी मारली.