हजेरी

साथीच्या दिवसांत कॉलेजचा फ्रेंचचा तास लॅपटॉपवर व्हायचा. त्यातच मला ताप आला. आईने मला आतल्या खोलीत ठेवलं आणि हजेरी बुडायला नको म्हणून माझ्या जागी स्वतःच तासाला बसली. दाराबाहेर स्टुलावर, कॅमेरा बंद करून. माझं नाव पुकारलं की आवाज बारीक करून "हजर" म्हणायची. मग बाई प्रत्येकाला विचारायच्या तसं तिलाही फ्रेंचमध्ये विचारायच्या, "आज कसं वाटतंय?" मी दाराआडून पढवलेलं एकच उत्तर आई रोज ठोकून द्यायची, "कालपेक्षा बरं." माझा ताप चढलेला असला तरी तेच. तिचे उच्चार ऐकून मी उशीत तोंड खुपसून हसायचे. अजूनही साथीचा विषय निघाला की मला आधी ते हसू आठवतं.

पदवीदानाच्या दिवशी बाई पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटल्या.

"ही माझी आई," मी म्हटलं.

"नमस्कार बाई," आई म्हणाली.

तो आवाज ऐकून बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग तिचा हात हातात घेऊन त्यांनी फ्रेंचमध्ये हळूच विचारलं, "आज मुलीला कसं वाटतंय?"

आईने सवयीने आवाज बारीक केला. "कालपेक्षा बरं."