सासूबाईंची पथ्यं

"जरा थांब गं, दम लागला," म्हणत सासूबाई जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभ्या राहिल्या.

सूनही थांबली. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकताना मुकादमाने तोंड वाकडं केलं होतं. दिवसभर कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायच्या आणि घरी येऊन सासूबाईंच्या प्रकृतीला ठिगळं लावायची. नवरा परगावी नोकरीला, घरात दोघीच. सांगणार कुणाला?

महिन्याभरापूर्वीपर्यंत म्हातारी ठणठणीत होती. मग एकाएकी पथ्यं सुरू झाली. जेवणात मीठ नको. "माझ्यासाठी वेगळं रांधू नकोस बाई, दोघींचंही अळणीच कर." संध्याकाळी पाय मोकळे करायला सोबत हवी, तीही गोगलगायीच्या चालीने. जेवणं झाली की लगेच दिवा बंद, कारण म्हणे उजेडात डोळा लागत नाही. खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या राहायच्या त्या राहायच्याच.

"ताई, हे आईंचं आजारपण आहे की माझी परीक्षा?" ती एकदा नणंदेला फोनवर म्हणाली होती. नणंद नुसतीच हसली.

कालही तिने टाळून पाहिलं. "आई, पुढच्या आठवड्यात जाऊ या का?"

"मी एकटी जाते की. जिन्यात कोसळले तर उचलायला ये."

तिने फोन उचलून दवाखान्यात नंबर लावला.

दवाखान्यातल्या बाकावर टेकताच सुनेचे डोळे मिटायला लागले. चपलेचे पट्टे पायांत रुतत होते. सासूबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. बाईंना एवढा लळा कधीपासून, असा विचार मनात येतो न येतो तोच नंबर पुकारला गेला.

आत डॉक्टरीणबाईंनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "या आजी, बसा. काय त्रास होतोय?"

सासूबाईंनी सुनेचे दोन्ही खांदे धरले आणि तिलाच त्या खुर्चीत बसवलं.

"मला कसला त्रास? हिचे पाय बघा डॉक्टर, कसे सुजलेत. चार पायऱ्या चढली की भात्यासारखी धापा टाकते. सरळ सांगितलं असतं तर आली नसती, म्हणून महिनाभर मीच आजारी पडलेय."