एक मात्रा उशिरा

"काका, चौथ्या ओळीला परत एक मात्रा उशीर!" गिटारच्या सरांनी हात टेकले. "मी कॉर्ड बदलून मोकळा, तुमची धून अजून मागेच. चार महिने झाले, आता तरी सुधारा की!"

"नाही सुधारणार."

चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर सुताचाही फरक खपवून न घेतलेला माणूस तो. त्याने मोबाइल काढला, एक जुनं रेकॉर्डिंग लावून टेबलावर ठेवला. गेलेल्या बायकोने वाजवलेल्या कॉर्ड सुरू झाल्या, तसा तोही धून वाजवू लागला. चौथ्या ओळीला तिचं बोट अडखळलं. "अहो, थांबा ना जरा!" ती हसत म्हणाली.

तो थांबला. मग दोघांनी मिळून ओळ पुरी केली.

"जन्मभर तिच्या चार पावलं पुढे चालत राहिलो, सर. आता नाही."