हिरव्यांचा कप्पा

प्रमिलाताई देवळातून आल्या तेव्हा भरतकामाच्या दोऱ्यांचा वर्षानुवर्षांचा गुंता सुटलेला होता. बायको येईपर्यंत यशवंतरावांनी एकेक लडी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून सुक्यामेव्याच्या रिकाम्या खोक्यात रंगांप्रमाणे लावली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांचा चेहरा पहिल्यांदाच असा खुलला होता.

हिरव्यांच्या कप्प्यात निम्मे दोरे लाल होते.

हे दोन रंग ह्यांना सारखेच दिसतात, हे प्रमिलाताईंना ठाऊक होतं. त्यापायीच तरुणपणी रेल्वेतली नोकरी हुकली होती आणि तेव्हापासून घरात तो विषय निघत नसे. "किती सोपं केलंत हो माझं काम," म्हणत त्या उशीचा अभ्रा भरायला बसल्या. यशवंतराव शेजारी बसून दोरे देऊ लागले.

संध्याकाळी ऑफिसमधून आलेली लेक अभ्र्यावर वाकली. "आई, पानं लाल कशी?"

यशवंतरावांचा हात खोक्यातच थांबला.

"कोवळी आहेत," प्रमिलाताई म्हणाल्या. "आंब्याची पालवी लालच असते की."

यशवंतराव हसले. "हा घे, पुढचा हिरवा."

प्रमिलाताईंनी लाल दोरा सुईत ओवला.