रांगेतली सातवी जागा

राष्ट्रावर संकट आलं की नागरिक खांद्याला खांदा लावून उभे राहतात. या राष्ट्रातले नागरिक एकामागे एक उभे होते, कारण संकट बँकांवर आलं होतं आणि खिडकी एकच होती.

रांगेत मास्तर सातवे होते. बँका बुडाल्या त्या दिवशीही ते सातवेच होते. रांग पुढे सरकत नाही अशी त्यांची तक्रार नव्हती; ती मागे सरकत नाही याचंच त्यांना बरं वाटायचं. शाळेत चित्रकला शिकवून उभं राहण्याची सवय झाली होती, आणि शेजारही चांगला मिळाला होता. पुढे सहाव्या नंबरवर शिवणवाल्या आजी, मागे आठवे घड्याळजी. मास्तरांच्या घोट्यावर सूज आली तेव्हा घड्याळजींनी स्वतःचं स्टूल दिलं होतं, तेही न मागता.

आज मात्र मास्तरांचा चेहरा उतरला होता.

“गुरुवारी हिच्या डोळ्याचं ऑपरेशन,” ते म्हणाले. “अख्खा दिवस जाणार. आणि यादीवाल्या बाई तर सकाळ-दुपार नावं पुकारतात.”

“नाव पुकारल्यावर ओ आली नाही की जागा गेली,” घड्याळजी म्हणाले. “ते कोटवाले आठवतात ना? एकदा नवा कोट घालून आले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा.”

“त्यांचं सोडा,” आजी म्हणाल्या. “रांगेत कुणी नटून येतं का? लोकांनी काय समजायचं?”

मास्तरांची ऑपरेशनच्या पैशांची सगळी भिस्त या सातव्या जागेवर होती. बायको सकाळी म्हणाली होती, “अहो, मी जाईन शेजारणीबरोबर. तुम्ही जागा सोडू नका.” समोरचं दार चाचपून उघडणारी बाई असं म्हणते, तेव्हा नवऱ्याने काय करावं हे चित्रकलेच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

साडेदहाला पाहुण्यांची बस आली. देशाचं चलन आपटल्यापासून परदेशी माणसाला इथली सुट्टी घरी बसण्यापेक्षा स्वस्त पडू लागली होती. आधी किल्ला, मग संग्रहालय, मग ही रांग. गाईड हळू आवाजात सांगू लागला, “आयुष्यभराची पुंजी...” पाहुण्यांनी टोप्या काढल्या. एका पाहुणीने मास्तरांचा हात हातात घेतला आणि बिस्किटांचा डबा दिला. मास्तरांना खरंच भरून आलं. त्यांच्या स्वतःच्या पुतण्याने गेल्या दोन वर्षांत साधा फोन केला नव्हता.

बस गेल्यावर ते यादीवाल्या बाईंकडे गेले. बाई पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, हातात फळी आणि तिला लावलेली यादी.

“गुरुवारी नाही?” बाईंनी चष्मा कपाळावर घेतला. “बदली माणूस आहे का कुणी?”

“मेव्हणा आहे.”

“वय?”

“चौसष्ट.”

“चालेल. तरुण नको, तरुण ढकलाढकली करतात. स्वभावाने कसा आहे?”

मास्तर घुटमळले. “जरा हसरा आहे.”

“अरे देवा,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी यादीत काहीतरी खरडलं. “जा तुम्ही. माझ्या आईचंही झालंय ते ऑपरेशन. जवळ माणूस लागतं.”

मास्तरांनी बिस्किटांचा डबा तिथेच उघडून बाईंपुढे धरला.

गुरुवारी ते दिवसभर दवाखान्यात बसले. शनिवारी काहीतरी हाती येईल, असं त्यांनी काउंटरवर सांगितलं. दवाखान्यात सगळेच असं काहीतरी सांगतात. काउंटरवरच्या मुलीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. बायकोने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग नवऱ्याकडे.

“अहो, कॉलर किती विरलीय.”

“असू दे. रांगेला चालते.”

“आणि म्हातारे झालात की हो.”

“परवापर्यंत नव्हतो,” मास्तर म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून नाक पुसत राहिले.

तिला घरी पोचवून दुपारी ते रांगेत धावत आले. आजी आणि घड्याळजी यांच्यामध्ये बरोबर एका माणसाची मोकळी जागा होती.

“घ्या, सांभाळा,” घड्याळजी म्हणाले. “आज सकाळी तुमच्या मेव्हण्याने ओ दिली आणि गेला. काल मात्र त्याने घोळच घातला होता. पाहुणे उतरले आणि हा खुदूखुदू हसायला लागला.”

“मग?”

“मी चिमटा काढला,” आजी म्हणाल्या. “चांगला शिंप्याच्या हाताचा. डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. पाहुण्यांनी सगळ्यात जास्त फोटो त्याचेच काढले.”

“आजी, तुमचे उपकार कसे फेडू?”

“डोळ्याचं काय ते सांगा आधी.”

“तिला सगळं दिसतं. माझं वयसुद्धा.”

आजींनी तोंडावर पदर घेतला. घड्याळजी मास्तरांच्या पाठीआड खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले, बराच वेळ.

शनिवारी दुपारी एक वाजता बाईंनी शिट्टी वाजवली, रांग मोडली आणि पर्यटन खात्याची पाकिटं वाटली. मास्तरांनी आपलं उघडून पाहिलं. आठवड्याचा पूर्ण पगार होता. गुरुवारही कापलेला नव्हता.

“बाई, फार मोठं काम केलंत.”

“अहो, तुमच्यासारखं हताश उभं राहायला कितीजणांना जमतं? सोमवारी वेळेवर या.”

पाकिटात चेक होता. मास्तर इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेले आणि तो बँकेत भरला. बँक तिथे दीड वर्षापासून सुरळीत चालू होती, आणि आत मास्तरांखेरीज दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.