डाव्या हाताला समुद्र

“आणि समोर काय लागतं, काका?” मेघालीनं विचारलं.

“समोर? समोर रस्ता लागतो,” दिनानाथ म्हणाला. “तुमी डाव्या हाताला बघा.”

मेघालीनं कागदावर रेघ ओढली. ती बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. रविवारी वीस-बावीस जणांचा जथा घेऊन सायकलवर भटकायची. आता त्या मंडळींनी किनाऱ्यालगतच्या सायकलवाटांचा नकाशा काढायला घेतला होता, आणि त्यासाठी ती न् तिचा मित्र सुजित केळव्याला दिनानाथच्या ओटीवर येऊन बसले होते. तासभर झाला होता. दिनानाथ अजून शिरगावापर्यंतच पोचला होता.

केळवे ते सातपाटी. या रस्त्यानं चाळीस वर्षं त्याच्या वाडीतली विड्याची पानं सायकलवरून कोळीवाड्यात गेली होती.

“माहीम सुटलं की डाव्या हाताला ताडाची बनं. त्यात एक ताड असा वाकलाय, की ताडी काढायला चढावं नाय लागत, उलट वाकावं लागतं. मग किल्ला. त्याच्या बुरुजाच्या फटीतून समुद्राचा तुकडा दिसतो, एवढा, रुपयाएवढा. तो चुकला तर तुमचा फेरा फुकट.”

“आणि परत येताना?”

“येताना डाव्या हाताला वाड्या. केळी, सुपारी, पानवेली. कुठल्या विहिरीला पायऱ्या किती ते पण सांगतो.”

“चढ?” सुजितनं विचारलं.

“चढ कसला! लोण्यासारखा रस्ता.”

“दोन हायत,” स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, दमयंतीबाईंचा आवाज आला. “पुलावरचा सोपा. शिरगावापुढचा जीव काढतो. आणि शाळेपुढं खड्डा हाय, तो उजव्या अंगानं घ्यायचा.”

“तिला सगळाच चढ वाटतो,” दिनानाथ हसत म्हणाला.

मेघालीनं दोन्ही चढ आणि खड्डा लिहून घेतला.

सुजित उठून भिंतीला टेकवलेली सायकल बघायला गेला. काळी, जुनी, पण चेन तेलानं चकचकीत. मागच्या कॅरियरवर गोधडीची जाड घडी काथ्यानं आवळलेली.

“ही पानांच्या करंडीखाली?”

“पान लय नाजूक असतं,” दिनानाथ म्हणाला.

“पण सीट किती खाली आहे, काका! तुमचे गुडघे हनुवटीला लागत असतील.”

“चाळीस वर्षं हाय तिथंच हाय. आता कशाला हलवायची?”

मग त्यानं घारीची गोष्ट सांगितली. सातपाटीच्या अलीकडे घार डोक्यावरून गेली आणि तिच्या नख्यांतलं पापलेट सुटून थेट दिनानाथच्या मांडीवर पडलं. ते तसंच घरी आलं आणि दुपारी तव्यावर गेलं.

“चालत्या सायकलवर मांडीवर राहिलं?” सुजितनं डोळे मिचकावले.

“राहिलं ना. मी हललोच नाय.”

दोघं खो खो हसले. कोपऱ्यात शिरगावचा पुंडलिक सुपारी कातरत बसला होता. तो मात्र हसला नाही.

“हसू नका रे. माझ्या दारावरून जाताना हा दोन्ही हातांनी शेंगा सोलून खायचा. किती तरी वेळा. या डोळ्यांनी पायलंय.”

सुजितनं बाहेर लावलेल्या आपल्या सायकलकडे पाहिलं. त्याची सायकल साठ हजारांची होती आणि दोन्ही हात सोडून त्याला दहा पावलंही जाता येत नव्हतं.

मेघालीनं कागदाची घडी केली. “काका, रस्ता आम्हाला आवडला. पण आमचा एक नियम आहे. ज्यानं रस्ता सांगितला, त्यानं एकदा सायकलवर आमच्या पुढं राहून तो दाखवायचा. मगच नकाशात. नाहीतर बोईसर-पालघरचा मोठा रस्ता टाकू.”

“तो ट्रकवाला?”

“तोच.”

दिनानाथचं हसू मावळलं. या ओटीवर बसून त्यानं हा रस्ता शेजाऱ्यांना सांगितला होता, जावयांना सांगितला होता, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना सांगितला होता. सगळे मान डोलवायचे, किनाऱ्यावर जाऊन पाय भिजवायचे आणि आपापल्या घरी जायचे. तो रुपयाएवढा समुद्र बघायला आजवर कुणीही गेलं नव्हतं.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. दिनानाथनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“कधी निघायचं?” आतून दमयंतीबाईंनीच विचारलं.

“उद्या सकाळी सहाला, काकू.”

“साडेपाचला या. ऊन चढायच्या आत घरी यायला हवं.”

संध्याकाळी दमयंतीबाई अंगणात सायकलला हवा भरत होत्या. दिनानाथ शेजारी उकिडवा बसला.

“जमंल ना?” त्यानं हळूच विचारलं.

“न जमायला काय झालं?” पंप न थांबवता त्या म्हणाल्या. “रात्री भाकरी एकच खा. पावसाळ्यापासून अंगानं सुटलायत.”

दिनानाथनं एकच खाल्ली.

सकाळी बावीस सायकली वाडीच्या वाटेवर रांगेत उभ्या होत्या. पुंडलिकही शिरगावाहून मुद्दाम आला होता. त्यानं दिनानाथच्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी ठेवली. मेघालीनं हेल्मेट दिलं, ते दिनानाथनं टोपीवरच चढवलं.

“तुम्ही पुढं व्हा, काका. आम्ही मागून येतो.”

“व्हतो की,” दिनानाथ म्हणाला.

दमयंतीबाई सायकल धरून फाटकातून बाहेर आल्या. त्यांनी घंटी वाजवून बघितली, ब्रेक दाबून बघितला, कॅरियरवरची गोधडी झटकून सारखी केली.

मग त्यांनी पदर खोचला, टांग टाकून सीटवर बसल्या, आणि दिनानाथ मागच्या गोधडीवर दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून, समुद्राकडे तोंड करून, पहिली शेंग फोडत म्हणाला, “चला रे पोरांनो, या माझ्या मागनं!”